भूस्थानिक डेटाबेस आणि एसडीआय शिकायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: भूगोलात एम.ए. झालंय, क्यूजीआयएसमध्ये नकाशे करता येतात, पण नोकरीच्या जाहिरातींत 'पोस्टजीआयएस' आणि 'एसडीआय' हे शब्द सारखे दिसतात आणि ते कुठून शिकायचे ते कळत नाही. शिवाय लॅपटॉप जुना आहे आणि महागडा कोर्स परवडणार नाही.

मी बारा-तेरा वर्षं हेच काम करतोय, बहुतेक पाणलोटाच्या प्रकल्पांसाठी. माझंही शिक्षण भूगोलाचं, कॉम्प्युटरचं नाही. त्यामुळे 'आधी चार वर्षं इंजिनिअरिंग कर' असलं काही सांगणार नाही.

ते दोन शब्द जाहिरातीत शेजारी असले तरी त्यांची जात वेगळी आहे. पोस्टजीआयएस हा डेटाबेसचा भाग, आणि डेटाबेस ही एकट्याने बसून शिकायची गोष्ट. रोज दोन तास दिलेत तर पाच-सहा महिन्यांत हात बसतो. एसडीआय, म्हणजे भूस्थानिक माहितीची सार्वजनिक पायाभूत यंत्रणा, ही इन्स्टॉल करायची वस्तूच नाही. रस्ते कोण सांभाळणार, गावांच्या हद्दी कोणाच्या खऱ्या धरायच्या, माहिती कोणत्या रूपात द्यायची, यावर चार खात्यांनी केलेला तो ठराव असतो. तो शिकायचा तर दुसऱ्याचा डेटा वापरताना येणारा वैताग आधी स्वतः भोगावा लागतो. म्हणून डेटाबेस आधी.

पहिला महिना नकाशाला हात लावू नका. नुसतं एसक्यूएल शिका, म्हणजे डेटाबेसला प्रश्न (क्वेरी) विचारायची भाषा. आपल्याकडच्या माणसाला 'जॉइन', म्हणजे सामाईक रकान्यावरून टेबलं जोडणं, समजवायला सातबारा आणि आठ-अ पुरेसे आहेत. सातबारा गटावरून निघतो: या गटात कोण कोण खातेदार. आठ-अ खातेदारावरून निघतो: या माणसाचे गावात कोणकोणते गट. माहिती एकच, उतारे दोन. आता गट, खातेदार आणि त्यांना जोडणारी हिश्श्याची अशी तीन टेबलं करा आणि त्यातून दोन्ही उतारे काढून दाखवा. हे जमलं की एसक्यूएलचं निम्मं भय गेलं.

मग पोस्टजीआयएस. कॅनडातल्या रिफ्रॅक्शन्स रिसर्च या कंपनीने 2001 साली पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेससाठी बनवलेली, नकाशाच्या आकृत्या साठवणारी-मोजणारी ही जोड फुकट आहे आणि जगभर सरकारी खात्यांपासून स्टार्टअपपर्यंत चालते. तिच्या संकेतस्थळावर न्यूयॉर्कचा डेटा घेऊन रचलेला सुरुवातीचा वर्ग आहे. तो मुकाट्याने शेवटपर्यंत करा आणि न्यूयॉर्क विसरून जा. नंतर जिओफॅब्रिक या संकेतस्थळावरून ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाचा पश्चिम भारताचा तुकडा उतरवा आणि त्यातून स्वतःचा तालुका कापून घ्या. तालुका स्वतःचाच हवा. ओढा डोंगरावर चढलेला दिसला तर तो चुकलाय हे तुम्हाला लगेच कळेल. मॅनहॅटनमध्ये कळणार नाही.

आता जिथे मी स्वतः आपटलो ती जागा. आम्हाला नाल्यापासून 500 मीटरच्या आत असलेल्या विहिरी मोजायच्या होत्या. पश्चिम महाराष्ट्राचा डेटा आधीच डेटाबेसमध्ये होता, यवतमाळच्या विहिरी नव्याने आल्या. फाईलसोबत प्रोजेक्शनची, म्हणजे गोल पृथ्वीवरचे बिंदू सपाट नकाशावर कोणत्या पद्धतीने बसवले याची, नोंद नव्हती. मी गृहीत धरलं की आधीचंच असणार आणि ईपीएसजी 32643 (यूटीएम पद्धतीतल्या 43 नंबरच्या पट्ट्याचा कोड) ठोकून दिलं. क्वेरी सुरळीत चालली, एकही चूक दाखवली नाही, यवतमाळचं उत्तर आलं शून्य. मी ते शून्य अहवालात लिहिलंही! नकाशा उघडल्यावर दिसलं की यवतमाळच्या सगळ्या विहिरी दमणच्या पश्चिमेला 70-एक किलोमीटरवर अरबी समुद्रात होत्या.

कारण साधं आहे. यूटीएम पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे करतात. 43 नंबरचा पट्टा 72 ते 78 अंश पूर्व रेखांशाचा, 44 चा 78 ते 84 चा. महाराष्ट्र या दोन्हींवर पसरलाय. पुणे, नाशिक, अमरावती 43 मध्ये. यवतमाळ, वर्धा, नागपूर, गडचिरोली 44 मध्ये. आकडे दोन्हीकडे सारखेच दिसतात, त्यामुळे पट्टा चुकला की बिंदू बरोबर सहा अंश सरकतो. आणि हे 78 रेखावृत्त आपल्याला परकं नाही. विल्यम लॅम्ब्टनने 1802 साली मद्रासहून सुरू केलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा मुख्य कणा साधारण याच रेषेच्या आसपास उत्तरेकडे सरकत होता. लॅम्ब्टन 1823 मध्ये वारला तो वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला, आणि त्याची कबरही तिथेच आहे. त्याच्यानंतर ते काम जॉर्ज एव्हरेस्टने पुढे नेलं. जुन्या टोपोशीट (सर्वेक्षण खात्याचे नकाशे) त्याच्याच नावाच्या, 1830 च्या लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या धरलेल्या आकारावर, बेतलेल्या आहेत. त्यावरून काढलेला थर (लेयर) जीपीएसच्या बिंदूंवर तसाच ठेवलात तर काहीशे मीटरचा फरक पडतो. 500 मीटरचा हिशोब करताना तो फरक केवढा होईल ते तुम्हीच बघा.

तेव्हापासून माझी सवय: नवा थर आला की पहिली क्वेरी त्याचा एसआरआयडी (प्रोजेक्शनचा कोड) विचारणारी, आणि दुसरं काम तो नकाशावर डोळ्यांनी बघणं. अक्षांश-रेखांशाचा क्रमही तेव्हाच तपासा. पोस्टजीआयएसला आधी रेखांश लागतो, मग अक्षांश. उलटं दिलंत तर पुणे नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर नावाच्या बेटाजवळ समुद्रात जाऊन पडतं. एकदा ते बघाच, विसरणार नाही.

इंडेक्सबद्दल, म्हणजे डेटाबेसमधला शोध झटपट करणाऱ्या सूचीबद्दल, लोक उगाच घाबरवतात. खरेदीखतात चतुःसीमा लिहितात ना, पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक? इंडेक्स प्रत्येक आकृतीभोवती अशीच एक चौकट धरतो आणि आधी नुसत्या चौकटी ताडून बघतो. ज्यांच्या चौकटी जुळतात तेवढ्यांचीच खरी वेडीवाकडी हद्द मोजतो. ही कल्पना 1984 मध्ये अँटोनिन गटमनने मांडलेल्या आर-ट्रीची. व्यवहारात एवढं पाळा: अंतराची अट लिहिताना 'एसटी डिस्टन्स' या फंक्शनने अंतर काढून त्याची 500 शी तुलना करू नका, 'एसटी डीविदिन' हे फंक्शन वापरा. पहिलं सगळ्या जोड्या मोजत बसतं, दुसरं इंडेक्स वापरतं. आणि थर अंशांत असेल तर 500 चा अर्थ 500 अंश होतो, म्हणून आधी मीटरच्या प्रोजेक्शनमध्ये आणा किंवा अंशांतल्या बिंदूंचं अंतर मीटरमध्ये देणारा जिऑग्राफी हा प्रकार वापरा.

शेपफाईल या नकाशाचा डेटा ठेवायच्या जुन्या फाईल-प्रकारावर थोडी चिडचिड करून घेतो. तिच्या रकान्याचं नाव दहा बाइटच्या वर जात नाही. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे मराठीत नाव द्यायचं तर तीन चिन्हं. 'तालुका' लिहायला गेलात तर 'ताल'वर गाडी थांबते. त्यात जुन्या फाइलींमधली गावांची नावं युनिकोडपूर्व फाँटमध्ये असतात, ती उघडल्यावर नुसता चिन्हांचा चिवडा दिसतो. कोणी मागितली तरच शेपफाईल द्या, स्वतःसाठी जिओपॅकेज हा नवा प्रकार ठेवा.

इथवर आलात की एसडीआयची गरज आपोआप टोचायला लागेल. ती अशी टोचते: एका यादीत 'वडगाव बुद्रुक', दुसरीत 'वडगाव बु.', तिसरी इंग्रजीतून परत मराठीत आणलेली, तिच्यात 'पिंपळगाव'चं 'पिंपलगाव' झालेलं. नावावर जॉइन केलंत की शेकड्याने गावं गळतात, आणि त्याहून वाईट म्हणजे एकाच तालुक्यातली दोन वडगावं एकमेकांच्या गळ्यात पडतात. म्हणून जनगणनेचा सहा आकडी गाव-कोड किंवा केंद्राच्या लोकल गव्हर्न्मेंट डिरेक्टरीचा कोड धरायचा. उस्मानाबादचं धाराशिव झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर. पाटी बदलते, कोडवरचा जॉइन तुटत नाही.

सरावासाठी माझा आवडता प्रश्न पालघरचा. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राचे 35 जिल्हे आहेत. 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून पालघर निघाला आणि 36 झाले. आता 2011 ची लोकसंख्या आजच्या 36 जिल्ह्यांच्या नकाशावर दाखवा. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड हे आठ तालुके ठाण्यातून उचलून नव्या जिल्ह्यात घालावे लागतील, आणि कोणती हद्द कोणत्या तारखेपासून खरी हा रकाना तुमच्या टेबलात नाही हे तेव्हा लक्षात येईल. तो रकाना स्वतः घाला. मुलाखतीत मी उमेदवाराला हेच विचारतो. मेटाडेटाची (डेटाबद्दलच्या माहितीची) व्याख्या पाठ म्हणणारे बरेच भेटतात, पालघरला अडखळतात.

मग तो थर जिओसर्व्हर या इंटरनेटवरून थर पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून प्रसिद्ध करा, डब्ल्यूएमएस आणि डब्ल्यूएफएस या दोन्ही सेवांनी. फरक एवढाच की पहिल्यात जणू कार्यालयात जाऊन नकाशा नुसता बघायला मिळतो, दुसऱ्यात नक्कल हातात येते. सोबत आयएसओ 19115 या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चौकटीत मेटाडेटा लिहा: कुठून आला, कधीचा, कोणत्या प्रोजेक्शनमध्ये, काय करायची परवानगी आहे. झाल्यावर मित्राला नुसता दुवा पाठवा आणि फोन उचलू नका. त्याला तुम्हाला न विचारता थर वापरता आला, तर एसडीआयचा धडा उतरला.

धोरणांचा इतिहास एका संध्याकाळी वाचून होईल. भारतात राष्ट्रीय एसडीआय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाखाली 2006 मध्ये उभी राहिली, युरोपचा एसडीआयसाठीचा 'इन्स्पायर' निर्देश 2007 चा, त्यात डेटाचे 34 विषय. आपल्याकडे खरा बदल 15 फेब्रुवारी 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनी झाला: भारतीय संस्थांना नकाशे आणि डेटा तयार करायला पूर्वपरवानगीची गरज उरली नाही. त्यावर डिसेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आलं. युरोपचा निर्देश मात्र जरूर चाळा, कारण कायद्याने बांधल्यावर खाती कशी वागतात हे त्यात दिसतं.

राहिलेल्या शंका. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा नंतर. ओरॅकलचा डेटाबेस नोकरीत लागलाच तर तिथे शिकाल. कोर्ससाठी डेहराडूनच्या आयआयआरएसचे (भारतीय सुदूर संवेदन संस्था) ऑनलाइन वर्ग बघा, आणि क्यूजीआयएसचे कच्चे दुवे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर भरून काढा. लॅपटॉपला आठ जीबी रॅम असेल तर एका तालुक्याला भरपूर झाली. चारच असेल तर क्यूजीआयएस आणि जिओसर्व्हर एकाच वेळी उघडू नका, एवढंच.