एकटीने रॉक कॉन्सर्टला जाणं विचित्र दिसतं का?

नाही दिसत. दिसलं तरी तिथे तुझ्याकडे बघायला कोणाला वेळ नसतो. पण 'मैत्रिणी कोणी येत नाहीत, चिपळूणहून एकटीच मुंबईला गेले तर लोक काय म्हणतील' हे तुझ्या प्रश्नातलं वाक्य वाचलं आणि राहवेना. लोक म्हणतातच. माझ्या बाबतीत तर अजून म्हणताहेत.

1 फेब्रुवारी 2008, शुक्रवार. आयर्न मेडन हा ब्रिटिश हेवी मेटल बँड, वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीएचं मैदान. त्या वर्षीच्या त्यांच्या जगभरच्या दौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम मुंबईत होता. बोइंग 757 मध्ये माणसं आणि सामान एकत्र कोंबून आलेले, आणि विमान चालवणारा खुद्द गायक ब्रूस डिकिन्सन. मी देवगडला, नुकती नोकरीला लागलेली. दोन तिकिटं काढून झाली होती, एक माझं आणि एक भांडुपच्या आतेभावाचं. त्याने सोबत यायचं, या अटीवर घरून परवानगी होती. आजी तरीही कुरकुरलीच, "रात्रीची खंय जातंस गो?" तिचा नवरा, म्हणजे माझे आजोबा, दशावतारात मृदंग वाजवायचे. धयकाल्याला, म्हणजे दशावताराच्या रात्रीच्या खेळाला, पहाटेपर्यंत मी त्यांच्या पाठीमागे बसलेली असायचे, तेव्हा हा प्रश्न घरात कोणालाच पडला नव्हता.

कणकवलीहून कोकणकन्या पकडली. भांडुपला आत्याकडे आंघोळ, जेवण. दुपारी आतेभावाचा फोन, 'ऑफिसात अडकलोय, तूही नको जाऊस, एकट्या मुलीचं काम नाही ते.' हाच माणूस आदल्या दिवाळीत मला म्हणाला होता की पोरींना बँडचा टी-शर्ट आवडतो, गाणी कळत नाहीत. आत्याने माझ्याकडे बघितलं, काही बोलली नाही, शंभराच्या दोन नोटा हातात कोंबल्या. मी निघाले. त्याचं तिकीट गेटबाहेर एका पोराला छापील किमतीत दिलं आणि पैसे आतेभावाला परत केले. हे मुद्दाम लिहून ठेवते, का ते पुढे कळेल.

आत धूळ, ढकलाढकली आणि काळे टी-शर्ट. बायका मोजक्याच. पहिली काही मिनिटं मी पर्स पोटाशी धरून उभी होते, मग बँडचा बास गिटार वाजवणारा स्टीव्ह हॅरिस एक पाय स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरवर ठेवून, बास बंदुकीसारखा गर्दीवर रोखून उभा राहिला आणि पर्सचं भान गेलं. तो प्लेक्ट्रमने, म्हणजे तारा छेडायच्या छोट्या पट्टीने, वाजवत नाही, बोटांनी वाजवतो. मोठ्या पडद्यावर त्याच्या उजव्या हाताची बोटं दिसली आणि मला आजोबांचा हात आठवला, तीच घाई, तीच पकड, तोंडावर मात्र काही नाही.

आणि मग ते इंग्रज कवी कोलरिजच्या कवितेवरचं, 1984 च्या अल्बममधलं तेरा-चौदा मिनिटांचं खलाशाचं गाणं. त्याच्या मध्यावर सगळं थांबतं. बास तेवढा हळू चालू राहतो आणि स्पीकरमधून जहाजाची लाकडं करकरतात, दोर ताणले जातात. मघापासून बोंबलणारी पोरं गप्प. शेजारचा एक जण कानाशी येऊन म्हणाला, "काय इफेक्ट टाकलाय!" इफेक्ट कसला बाबा, देवगड बंदरात उधाणाच्या रात्री बांधलेले ट्रॉलर असेच बोलतात, मी ते ऐकत झोपलेय. त्याला काही सांगितलं नाही. डोळे मिटून ऐकत राहिले. मग ड्रम परत आले, आणि एवढ्या माणसांत मी मोठ्याने रडले. कोणी विचारलं नाही काय झालं म्हणून.

आतेभाऊ सोबत असता तर याच गाण्यात म्हणाला असता, 'लांबण लावलंय, चल काहीतरी खाऊन येऊ.' माझं स्पष्ट मत आहे, ज्याला ते संगीत मनापासून ऐकायचं नाही तो सोबत असण्यापेक्षा नसलेला बरा. निम्मा वेळ त्याला कंटाळा आलाय का हे बघण्यात जातो. जत्रेला घोळका हवा, मान्य. इथे नको.

परतताना कुर्ल्यापर्यंत गर्दीबरोबर चालत आले, लोकलमध्येही पोरं गात होती. घरी आत्या जागी, आणि ऑफिसात अडकलेला आतेभाऊ टीव्हीसमोर झोपलेला.

आता खरी गंमत. गेली कित्येक वर्षं हा माणूस लग्नाकार्यात 'आम्ही मेडन लाइव्ह पाहिलंय' म्हणून सांगतो. मी टोकलं तर म्हणतो, "तिकीट तर माझं होतंच ना!" त्या दौऱ्यावर 2009 मध्ये 'फ्लाइट 666' हा माहितीपट आला, त्यात मुंबईची गर्दी दिसते. तिथला एक वर केलेला हात तो स्वतःचा म्हणून बायकोला दाखवतो. आणि माझ्याबद्दल काय सांगतो? 'हिला मित्रमैत्रिणीच नव्हत्या, एकटीच गेली बिचारी.' डिसेंबर 2024 मध्ये ड्रमर निको मॅकब्रेनने दौऱ्यांतून निवृत्ती घेतली, तेव्हा याने कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं, 'डबल पेडलचा बादशहा'. अरे, पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला निको एकच पेडल वापरायचा, त्याचीच तर ख्याती! टी-शर्ट कोणाला आवडतो ते ठरवा तुम्हीच.

तुझ्या प्रश्नाचं राहिलंच. साउंड कन्सोलच्या, म्हणजे गर्दीच्या मधोमध आवाज सांभाळणारे बसतात त्या जागेच्या, कठड्याला पाठ लावून उभी राहा. आवाज तिथे सगळ्यात चांगला लागतो आणि मागून धक्केही येत नाहीत. अगदी पुढे, पोरं एकमेकांवर आपटत असतात तिथे, एकटीने घुसू नकोस. कानात इअरप्लग घाल, मी घातले नव्हते आणि रात्रभर कान वाजत होते. गर्दीत नेटवर्क बसतं, म्हणून तिकीट आणि परतीचा पत्ता फोनमध्ये आधीच साठवून ठेव. परतीची सोय आणि रात्री झोपायचं घर पक्कं नसेल तर मात्र जाऊ नकोस, हे मी आत्या होती म्हणून एवढ्या जोरात बोलतेय.

आणि कोणी आतेभाऊ 'थांब, मीही येतो' म्हणाला, तर त्याचं तिकीट त्यालाच काढू दे.