वाचक विचारतात: मठाचे अवशेष आणि मराठ्यांचे रणक्षेत्र एका दिवसात

प्रश्न : सात व अकरा वर्षांच्या मुलांना घेऊन जुने गोवे येथील सेंट ऑगस्टीन मठाचे अवशेष आणि संभाजी महाराजांच्या लढाईचे जुवे बेट एका दिवसात होईल का?

उत्तर : नक्की होईल, पण मठ सकाळी आठ-साडेआठलाच गाठा. छप्पर उरलेलेच नाही. अकरानंतर चिरा तापतो आणि मुले कंटाळतात. मनोऱ्याची उंची 46 मीटर. चर्चचे छत 1842 मध्ये कोसळले. 1835 मध्ये धार्मिक संघ हद्दपार झाल्यावर देखभालच थांबली होती, हे मुलांना आवर्जून सांगा. भिंतीला चिकटून राहिलेले रंगीत टाइल्सचे तुकडे जवळून दाखवा, हात मात्र लावू देऊ नका. जॉर्जियाची राणी केतेवान हिच्या अस्थी इथेच सापडल्या. पावसाळ्यात चिऱ्यावर शेवाळ धरते. गुळगुळीत तळव्यांच्या चपला हमखास घसरतात.

दुपारी बाणस्तारी, माशेलमार्गे जुव्याला जा. नोव्हेंबर 1683 मध्ये मराठ्यांनी रात्री इथला पोर्तुगीजांचा किल्ला घेतला. परत घ्यायला आलेला विजरई (गोव्याचा पोर्तुगीज राज्यपाल) स्वतः जखमी होऊन मागे फिरला. तटावरून नदी दाखवली की पोर्तुगीजांना माघार का अवघड गेली, ते मुलांना लगेच उमगते. पाणी आणि खाणे सोबत न्या.