होमिओपॅथीचे डॉक्टर आणि ॲलोपॅथीची गोळी

प्रश्न : आमच्या गावात एक होमिओपॅथीचे डॉक्टर अनेक वर्षांपासून दवाखाना चालवतात आणि रात्री-अपरात्री हाकेला तेच येतात, कारण प्राथमिक आरोग्य केंद्र बरेच लांब आहे. त्यांनी ‘सीसीएमपी’ (सर्टिफिकेट कोर्स इन मॉडर्न फार्माकॉलॉजी) हा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे; पण एमबीबीएस डॉक्टरांच्या संघटना त्याला विरोध करतात. हा वाद नेमका काय आहे? आईला ताप आल्यास त्यांच्याकडून गोळ्या घ्याव्यात का?
— एक वाचक, जि. धाराशिव

उत्तर : बीएचएमएस, म्हणजे होमिओपॅथीची पदवी घेतलेल्या डॉक्टरांना आधुनिक औषधशास्त्र शिकवणारा हा एक वर्षाचा अभ्यासक्रम नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ चालवते. तो उत्तीर्ण झालेल्यांना ॲलोपॅथीची औषधे देता यावीत यासाठी राज्याने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि इंडियन मेडिकल असोसिएशनने तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. जून २०२५ मध्ये, ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या महाराष्ट्र वैद्यक परिषदेने अशा डॉक्टरांच्या नोंदणीची अधिसूचना काढली, ती जुलैमध्ये स्थगित झाली, सप्टेंबरमध्ये शासनाने पुन्हा नोंदणीचे आदेश दिले आणि १८ सप्टेंबरला ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी त्याविरुद्ध राज्यभर संप केला.

विरोधकांचा मुख्य आक्षेप मला मान्य आहे. या अभ्यासक्रमाच्या आठवड्यातून दोन दिवसांच्या वर्गांत औषधाचे नाव, मात्रा आणि दुष्परिणाम शिकता येतात. पण समोरच्या रुग्णाचा ताप साधा आहे, डेंग्यूचा आहे की विषमज्वराचा (टायफॉइडचा), हे ओळखण्याची नजर रुग्णालयातील खाटेजवळ वर्षानुवर्षे उभे राहूनच येते. ताप आला की प्रतिजैविक (अँटिबायोटिक) आणि स्टेरॉइड एकदम देण्याची सवय अनेक दवाखान्यांत आहे. (ती एमबीबीएस डॉक्टरांतही आहे, हे इथे सांगितलेच पाहिजे.) त्याने ताप उतरतो, घरचे निश्चिंत होतात आणि मूळ आजार आत वाढत राहतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निकाल दिलेले मुंबईचे एक प्रकरण असेच होते : होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी आधी विषाणूजन्य ताप आणि मग विषमज्वर समजून ॲलोपॅथीची औषधे दिली, रुग्ण दगावला, आणि ज्या पद्धतीची पात्रता नाही त्या पद्धतीने उपचार करणे हाच निष्काळजीपणा, असे न्यायालयाने ठरवले.

तरीही संघटनांनी एका प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे : तुमच्या गावात रात्री कोण येणार? हा प्रश्न जुना आहे. देशाच्या आरोग्यसेवेची आखणी सुचवणाऱ्या १९४६ च्या भोर समितीने डॉक्टरकीचे कमी मुदतीचे ‘लायसन्शिएट’ शिक्षण बंद करून देशभर एकाच दर्जाचा डॉक्टर घडवावा, अशी शिफारस केली, तेव्हा समितीतल्याच काही सदस्यांनी याविरुद्ध मत नोंदवले होते. असेच कमी मुदतीचे शिक्षण देणाऱ्या पुण्याच्या बै. जी. वैद्यकीय शाळेचे महाविद्यालय झाले तेही त्याच वर्षी. दर्जा वाढला, यात शंका नाही; परंतु त्या दर्जाचा डॉक्टर पदवीनंतर शहरातच राहिला आणि गावाची गरज बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टरांनी आपापल्या परीने भागवली.

म्हणूनच सरसकट परवानगी आणि सरसकट बंदी, दोन्ही मला चुकीच्या वाटतात. विद्यापीठाने या अभ्यासक्रमात जिल्हा रुग्णालयातील पूर्णवेळ प्रशिक्षण घालावे, देता येतील त्या औषधांची मर्यादित यादी कायद्यानेच ठरवावी आणि रुग्ण पुढे कधी पाठवायचा याचे नियम लेखी असावेत. यादीबाहेरची प्रतिजैविके सर्रास दिली गेली, तर त्यांना न जुमानणारे जंतू साऱ्या तालुक्याला भोगावे लागतील.

आता तुमच्या आईविषयी. डॉक्टरांना त्यांचा नोंदणी क्रमांक मोकळेपणाने विचारा आणि प्रत्येक औषधाचे नाव चिठ्ठीवर लिहून घ्या. सुट्या, वेष्टन नसलेल्या गोळ्या घेऊ नका. साध्या तापात पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी यांवर एक-दोन दिवस थांबायला हरकत नाही, मात्र वय जास्त असेल किंवा मधुमेहासारखा आजार असेल तर तेवढेही थांबू नका. ताप तीन दिवसांत उतरला नाही, धाप लागली, लघवी कमी झाली, अंगावर लाल ठिपके दिसले किंवा बोलण्यात असंबद्धपणा आला, तर थेट उपजिल्हा रुग्णालय गाठा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य मिळते, आणि जाताना ती चिठ्ठी सोबत न्या.