खंडेनवमीच्या रात्रीचा खून आणि तुझी एकांकिका

प्रश्न : मावशी, मी सिडकोत राहतो, एकांकिका लिहितो. गेल्या वर्षी खंडेनवमीच्या रात्री आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका एकोणीस वर्षांच्या मुलावर कोयत्याने वार झाले. तो वाचला नाही. सकाळी घरोघरी शस्त्रं पुजलेली आणि रात्री हे! मला यात सगळ्या समाजाचं प्रतीक दिसतं. संहितेची पहिली चार पानं सोबत पाठवतोय. आईला वाचून दाखवली तर ती एवढंच म्हणाली, “हे त्याच्या आईला वाचून दाखवशील का?” काय करू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आईचा प्रश्न टाळू नकोस. त्या माउलीला तुझ्या संहितेत तिचा मुलगा सापडेल का? चार पानांत मला तरी तो सापडला नाही. कोयता आहे, झेंडू आहे, आपट्याची पानं आहेत, कोरस आहे. मुलाला मात्र नावही नाही.

आपल्या नाशकातलंच घे. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. प्रयोग होता देवलांच्या ‘शारदा’चा, पैशापायी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीचा. नाटकाच्या वर्गात कोणी ना कोणी मला हे जुळवून दाखवतंच : म्हातारा नवरा म्हणजे साम्राज्य, शारदा म्हणजे देश. ऐकायला छान वाटतं. पण जॅक्सनची मुंबईला बदली झाली होती, प्रयोग त्याच्या निरोपाचा होता, आणि एकदा नाशिक सोडलं की तो हाती लागला नसता. नाटक दुसरं कुठलंही असतं तरी तो त्या रात्री तिथेच आला असता. कृत्यामागचा अर्थ कान्हेऱ्यांनी स्वतः सांगितला : कविता छापल्या म्हणून बाबाराव सावरकरांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तिचा सूड. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात ते आणि कटातले त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे फाशी गेले. गोल्फ क्लबच्या ज्या मैदानावर आपण फेऱ्या मारतो, ते आता कान्हेऱ्यांच्याच नावाचं आहे. आणि जॅक्सन? तो संस्कृतचा व्यासंगी, लोक त्याला पंडित जॅक्सन म्हणत. ‘शारदा’ची जुळणी करणारे हे कधी सांगत नाहीत, कारण ते त्यांच्या चौकटीत बसत नाही.

आता दुसरं टोक. ११ सप्टेंबर २००१ ला मारेकऱ्यांनी न्यूयॉर्कचे जुळे मनोरे आणि पेंटागॉन अमेरिकेच्या सत्तेच्या खुणा म्हणूनच निवडले. तिथे अर्थ ओढूनताणून आणावा लागत नाही. तरी पाचच दिवसांनी हॅम्बुर्गमध्ये जर्मन संगीतकार श्टॉकहाउझेन त्या हल्ल्याला सर्वांत मोठी कलाकृती म्हणाले आणि लोक हादरले. तिथले त्यांचे कार्यक्रम रद्द झाले. मेलेली माणसं काही मैफलीला आलेली नव्हती, हे ते त्याच बोलण्यात म्हणाले होते. सैतानाच्या करणीबद्दल बोलत होतो, असा खुलासाही नंतर केला. मला तो पुरत नाही. जवळजवळ तीन हजार माणसं मेली असताना ‘कलाकृती’ हा शब्द आधी सुचतो, याचीच मला भीती वाटते.

तुझ्या गल्लीकडे येते. त्या पोरांनी खंडेनवमी ठरवून गाठली होती का? सकाळी त्याच कोयत्याला हळदकुंकू वाहून स्टेटस टाकला असेल, तर तो अर्थ त्यांचा आहे आणि तो नाटकात यायलाच हवा. पण भांडण आठवडाभर धुमसत असेल आणि सणाची रात्र म्हणून सगळे नाक्यावर सापडले असतील, तर खंडेनवमी तू आणलीस. आधी चौकशी कर. भांडण कशाचं होतं, उधारीचं की ‘बघतो काय’वरून झालेल्या खुन्नसचं? कोयता कोणाच्या घरातला? पोराला उचलून रिक्षात कोणी घातलं? तुझ्या तिसऱ्या पानावर एका दुकानाचं शटर धाडकन खाली येतं आणि तू लगेच कोरसकडे वळतोस. ते शटर ओढणाऱ्याला तू ओळखतोस, बहुधा रोज त्याच्याकडूनच दूध घेतोस. त्याला एक अख्खा प्रवेश दे. ‘सगळा समाज’ म्हटलंस की तो सुटतो, वार करणारेही सुटतात, आणि मला राग येतो तो याचाच.

यंदाच्या स्पर्धेला दुसरी संहिता पाठव. खटला चालू असेल तर साक्षीदार ओळखू येतील असं एक वाक्यही ठेवू नकोस. त्या घरी जा, पण पहिल्या भेटीत कागद नेऊ नकोस. त्या बाई बोलल्या तर ऐक. नाटकाला ‘नको’ म्हणाल्या तर गल्ली, सण, वय, हत्यार सगळं बदल, त्यांना ओळख पटणार नाही इतकं. मग खंडेनवमीशिवाय नाटक उभं राहतं का ते बघ. राहिलं तर मला कळव, तालमीला मी येईन.