उचल फिटली नाही म्हणून मुकादम भाऊ-वहिनीला सोडत नाही, पैसे भरू का?

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. भाऊ-वहिनीने दिवाळीआधी ऊसतोडीसाठी मुकादमाकडून एक लाखाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी घेतली, कोयता (ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी) बीडहून बेळगावकडं गेला, कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून महिना झाला तरी मुकादम सोडत नाही, उलट आता वीटभट्टीवर राबवतोय, बारा वर्षांचा भाचा पण तिकडंच, फोन काढून घेतलेत आणि तुम्हाला म्हणतो सत्तर हजार टाका मग सोडतो. म्हणून तुम्ही गाय विकायला काढलीय.

गाय विकू नका ताई.

याला कायद्यात वेठबिगारी म्हणतात. 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने असलं कर्ज फेडायची जबाबदारीच संपवलीय, आणि संपलेल्या कर्जापोटी पैसे घेणं हाच गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे तुम्ही सत्तर हजार दिले तर ते घेणारा गुन्हेगार. ही वेठबिगारीची उचल नाही हे सिद्ध करायचं ओझं पण मुकादमावरच. त्याच्या वहीत खाडे, म्हणजे गैरहजेरीचे दिवस किती मांडलेत त्याला घाबरू नका, त्या वह्या मी बघितल्यात, बाई तापाने कोपीत (झोपडीत) पडली त्या दिवसाचाही खाडा लावलेला असतो.

पोलीस म्हणाले ना, हा पैशाच्या व्यवहाराचा मॅटर आहे? नाही. धाक दाखवून, फसवून माणसं राबवायला नेणं किंवा डांबून ठेवणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 खाली मानवी तस्करी आहे, एकापेक्षा जास्त माणसं असली किंवा लहान मूल असलं की शिक्षा दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. "ते स्वतःच्या मर्जीने गेले" हे उत्तर चालत नाही, पीडिताची संमती कायदा धरतच नाही. घटना कर्नाटकातली असली तरी तुमच्या ठाण्यात झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवायचा गुन्हा, घ्यावाच लागतो. लेखी द्या, पोच घ्या. तोच अर्ज बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांना ईमेल करा, कॉपी बीडच्या कलेक्टर ऑफिसला, आणि भाच्यासाठी 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावा. वकिलाची फी नाही म्हणून थांबू नका, तस्करी आणि वेठबिगारीच्या पीडितांना विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही, नंबर 15100.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मुक्तता प्रमाणपत्र, म्हणजे वेठबिगारीतून सुटल्याचा सरकारी कागद, हातात पडल्याशिवाय त्यांना गाडीत बसवू नका. माझ्याकडं एक जोडपं आलं होतं, साहेबांनी "घरी जा, कागद पोस्टाने येईल" म्हणून रात्रीच रवाना केलं, तो कागद मिळवायला आम्हाला दीड वर्ष लागलं आणि तोवर तोच मुकादम दारात येऊन बसायचा. कागद असेल तर लगेच तीस हजारांपर्यंत मदत मिळते, खटल्याच्या निकालाची वाट बघावी लागत नाही. पुढं पुनर्वसनाचे पुरुषाला एक लाख, बाई आणि मुलाला दोन-दोन लाख, पण ते शिक्षा झाल्यावर.

मुकादमाचे व्हॉइस मेसेज डिलीट करू नका, दुसऱ्या फोनवर पण पाठवून ठेवा. आणि तक्रार केलीय हे त्याला चुकूनही सांगू नका, ही लोकं रातोरात माणसं दुसऱ्या भट्टीवर हलवतात. त्याचा फोन आला तर पैशाची जुळवाजुळव चाललीय एवढंच म्हणा.