नव्या मुख्याध्यापकांसाठी, पहिल्या महिन्यापुरतं

रुजू झालात, अभिनंदन. कपाटातली रजिस्टरं नंतर बघा, आधी तांड्यावर, म्हणजे बंजारा वस्तीवर, जाऊन या. संध्याकाळी, माणसं कामावरून परतल्यावर.

मी आधी मुख्याध्यापक होतो, नंतर बी.एड.च्या विद्यार्थ्यांना शालेय नेतृत्व शिकवलं. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका ऊसतोड करणाऱ्या आईने. टोळीबरोबर निघण्याआधी ती मुलाचा दाखला मागायला आली. पटसंख्येच्या काळजीने मी तिला दोनदा परत पाठवलं. ती दाखल्याविनाच गेली आणि पोरगं हंगामभर उसाच्या फडात राहिलं. मला ते आजही सलतं. म्हणून शिक्षण हक्क कायदा, २००९ मधलं कलम ५ पाठच करा: दाखला ताबडतोब द्यायचा, आणि कुणाचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवायचा नाही. वयाचा पुरावा नसला तरीही नाही, हे कलम १४ सांगतं.

शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला लागतात. कागदावर त्या असतातच. पण बैठक भरदुपारी ठेवली तर मजुरी बुडवून कोण येणार? मग घरी जाऊन सह्या तेवढ्या घेतल्या जातात. तसं करू नका. बैठक संध्याकाळी घ्या, जमलं तर वस्तीवरच.

गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणाऱ्या मुलाच्या आजीला पहिलीच्या वर्गात गोष्ट सांगायला बोलवा. शिक्षकांनीही बसून ऐकावी.

आणि आई-वडील ऊसतोडीला गेल्यावर मुलं गावातच राहावीत म्हणून असलेल्या हंगामी वसतिगृहाच्या मागे दसऱ्याआधीच लागा. टोळ्या निघाल्यावर मुलं हाती लागत नाहीत.