टॉफीतून सुटलेले तूप आणि पांढरे पडलेले चॉकलेट

प्रश्न : मागच्या महिन्यात मी घरच्या लोण्यात काजू-बदामाची टॉफी करून पाहिली. पहिल्या वेळी तूप वर तरंगले आणि खाली साखरेचा गोळा झाला. दुसऱ्या वेळी टॉफी जमली, पण दाताला चिकटत होती, आणि तिच्यावर पसरलेले चॉकलेट दोन दिवसांत पांढरट पडले. माझे काय चुकले?
– एक वाचक, परभणी

उत्तर : घरच्या लोण्यात ताकाचा अंश आणि पाणी किती राहिले आहे याचा नेम नसतो, म्हणून ते तीन-चार पाण्यांनी धुऊन घ्यावे किंवा सरळ विकतचे बिनमिठाचे बटर वापरावे. २०० ग्रॅम बटर, तितकीच साखर, तीन मोठे चमचे पाणी आणि चिमूटभर मीठ हे प्रमाण ठीक आहे. तूप सुटते ते मुख्यतः आंच एकदम कमी-जास्त केल्यामुळे. जर्मनच्या पातळ पातेल्यात तर हे हमखास होते, तेव्हा जाड बुडाची कढई घ्यावी आणि मध्यम आंचेवर सतत, पण सावकाश ढवळत राहावे. सुटू लागलेच तर चमचा-चमचा कढत पाणी घालून ढवळावे, म्हणजे बहुतेक वेळा मिश्रण पुन्हा एकजीव होते. मात्र वाफ अंगावर येते, हात जपावा.

चिकटपणा हा पाक कच्चा राहिल्याचा दोष आहे. टॉफीचा पाक १४९ ते १५४ अंश सेल्सिअसपर्यंत जावा लागतो. थर्मामीटर नसेल तर चिक्कीची परीक्षा येथेही चालते : थंड पाण्याच्या वाटीत थेंब सोडावा, बाहेर काढून वाकवावा, वाकला तर पाक कच्चा आहे, कटकन मोडला तर झाला. भाजून जाडसर कुटलेला सुका मेवा त्याच क्षणी घालावा आणि मिश्रण तूप लावलेल्या ताटात ओतावे. (शेंगदाणे घेतल्यास फोलपटे नीट पाखडून टाकावीत, मला स्वतःला ही टॉफी काजूपेक्षा शेंगदाण्यांचीच अधिक आवडते.)

आता चॉकलेट. ते आपण गरम टॉफीवर पसरले असावे असे दिसते. ही रीत सोपी खरी, पण त्या उष्णतेने कोकोआ बटरची (चॉकलेटमधल्या स्निग्धाची) स्फटिकांची घडी मोडते आणि थिजताना ते पांढऱ्या रेघांनी वर येते. टॉफी पूर्ण निवू द्यावी, वरचा तुपकटपणा कागदाने टिपून घ्यावा, नाहीतर चॉकलेटचा पापुद्रा सुटून येतो. मग गडद चॉकलेटचे दोन भाग ४५ अंशांपर्यंत वितळवून, खाली उतरवून, उरलेला तिसरा भाग बारीक चिरून त्यात घालावा आणि ३१-३२ अंशांवर येईपर्यंत ढवळावे. भांड्यात पाण्याचा एक थेंबही पडला तर चॉकलेट दाणेदार होऊन आळते.

एवढे करूनही परभणीच्या मे महिन्यात ते थिजणार नाही, कारण कोकोआ बटर ३४ अंशांच्या आसपास वितळते आणि आपल्याकडे दुपारी घरातही त्याहून अधिक तापमान असते. त्या दिवसांत वनस्पती तुपाचे कंपाउंड चॉकलेट वापरावे. चव थोडी मेणचट लागते, पण वरील उपद्व्याप टळतो. खरे चॉकलेट संक्रांतीच्या थंडीसाठी राखून ठेवावे. उन्हाळ्यात टॉफी फ्रिजमध्ये ठेवणे भागच पडले तर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि बाहेर काढल्यावर डबा तासभर उघडू नये. लगेच उघडल्यास गार टॉफीवर दव धरते, त्यात वरची साखर विरघळते आणि वाळल्यावर पुन्हा तोच पांढरा थर दिसतो.